खोकला नंतर ऐका, आधी श्वास मोजा: लहान मुलांच्या छातीच्या आजारांत घरी काय बघायचं आणि काय करायचं

ऑगस्ट लागला की आमच्या दवाखान्याबाहेरचा बाक सकाळी नवालाच भरतो. तालुक्याचं गाव, आजूबाजूला पंचवीस-तीस खेडी. गेल्या पावसाळ्यातली एक सकाळ सांगतो. चार वर्षांचा एक पोरगा बाकावरून उड्या मारत होता आणि मधूनच असा खोकत होता की सगळ्यांच्या माना वळत होत्या. नंबर नसताना त्याच्या आजीने दार ढकललं, "रातभर खोकलला जी डॉक्टर, घरात कोणाचा डोया नाही लागला." त्याच बाकाच्या टोकाला एक तरुण आई पाच महिन्यांची मुलगी पदराखाली घेऊन गप्प बसली होती. बाळ खोकत नव्हतं. "दूध ओढत नाही सकाळपासून," एवढंच ती म्हणाली. झबलं वर केलं, मिनिट लावलं. ६८ श्वास, आणि दर श्वासाला बरगड्यांखालचा भाग आत खेचला जात होता. त्या मुलीला ऑक्सिजन लावून जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं. पोराला मध चाटवायला सांगून घरी धाडलं.

खोकल्याचा आवाज मोठा असतो म्हणून घर त्याच्याकडे धावतं. पण फुप्फुसात काय चाललंय ते खोकला फारसं सांगत नाही, श्वास सांगतो. आणि श्वास बघायला स्टेथोस्कोप लागत नाही. पुढे जे लिहिलंय ते त्याच क्रमाने करायचं आहे: आधी मोजणं, मग बघणं, मग ऐकणं, आणि औषधाची बाटली सगळ्यात शेवटी.

मिनिट लावून श्वास मोजणं

बाळ झोपलेलं असेल तर उत्तम. जागं असेल तर मांडीवर घेऊन शांत होऊ द्या. रडणाऱ्या, दूध ओढणाऱ्या किंवा नुकत्याच धावून आलेल्या मुलाचा श्वास मोजू नका, आकडा फुगतो. झबलं किंवा शर्ट छातीपर्यंत वर घ्या आणि छाती जिथे संपते, पोट जिथे सुरू होतं तिथे नजर ठेवा. पोट वर आलं, खाली गेलं की एक. मोबाईलवर ६० सेकंद लावा आणि पूर्ण मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. तान्ही बाळं पाच-सात श्वास भराभर घेतात आणि मग क्षणभर थांबतात. नेमका तो भराभरचा तुकडा हाती लागला तर उगाच घाबराल, थांबलेला लागला तर उगाच निर्धास्त राहाल.

जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेले आणि आपल्या आशाताईंना शिकवले जाणारे आकडे असे आहेत:

- २ महिन्यांच्या आतलं बाळ: मिनिटाला ६० किंवा जास्त म्हणजे श्वास जलद
- २ महिने ते १ वर्ष: ५० किंवा जास्त
- १ ते ५ वर्षं: ४० किंवा जास्त

पाच वर्षांवरचं मूल शांत बसलेलं असताना तीसच्या वर श्वास घेत असेल तर तेही दाखवायला हवं. हे आकडे एका कागदावर लिहून फ्रिजला किंवा देवघराच्या दाराला चिकटवून ठेवा. रात्री दोन वाजता आठवत नाहीत.

दोन बारीक गोष्टी. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा आकडा ६० किंवा जास्त आला तर लगेच पुन्हा एकदा मोजा. दुसऱ्यांदाही तितकाच आला तर निघा, सकाळची वाट बघू नका. मोठ्या बाळाला सणसणीत ताप असेल तर तापानेही श्वास वाढतो. अशा वेळी तापाचं औषध द्या, ताप उतरू लागला की अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा मोजा. ताप उतरला पण श्वास उतरला नाही, तर कारण तापात नाही, छातीत आहे. मात्र छाती आत ओढली जात असेल तर हा अर्धा तासही घालवायचा नाही.

ही पद्धत कोणाला फार साधी वाटत असेल तर गडचिरोलीकडे बघावं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तिथल्या गावांत आरोग्यदूतांना आणि सुइणींनासुद्धा श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला आणि त्याचं औषध द्यायला शिकवलं. बालमृत्यू घटल्याचे त्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. ज्या बायांना दहाच्या पुढे मोजता येत नव्हतं त्यांच्यासाठी मण्यांची पाटी आणि मिनिटभराचं वाळूचं घड्याळ होतं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला की न्यूमोनिया. आपल्या हातात तर सेकंद मोजणारा फोन आहे.

फोनचा आणखी एक उपयोग करा. शर्ट वर करून, उजेडात, मिनिटभराचा व्हिडिओ काढा. रात्री धापणारं पोर सकाळी दवाखान्यात आल्यावर हमखास हसत असतं आणि आईवर "काही नाही झालेलं त्याला" ऐकायची पाळी येते. अशा कितीतरी व्हिडिओंनी मला माझं मत बदलायला लावलं आहे.

छाती आत जातेय का

निरोगी बाळ श्वास आत घेतं तेव्हा छाती आणि पोट दोन्ही वर येतात. आजारी फुप्फुस कडक होतं, त्यात हवा ओढायला जोर लागतो आणि त्या ओढीने बरगड्यांची खालची कड आत जाते. पोट वर, छाती आत, असा झोका दिसतो. आपल्याकडे याला कुठे धाप म्हणतात, कुठे पोट उडणं, कुठे डबा. नाव काहीही असो, शांत बसलेल्या बाळात दर श्वासाला हे दिसत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. सोबत नाकपुड्या फुलत असतील, श्वास सोडताना बाळ कण्हल्यासारखं 'अं अं' करत असेल, मान श्वासागणिक हलत असेल, तर ते बाळ दमत चाललंय.

डबा झाला म्हणून पोटावर चटके देण्याची प्रथा अजून पुरती गेलेली नाही. मेळघाटात अशी भाजलेली बाळं अलीकडेही रुग्णालयात पोचली आहेत. आजारी फुप्फुसावर भाजल्याची जखम, म्हणजे दुहेरी संकट. घरातल्या म्हाताऱ्या माणसाशी भांडून उपयोग नसतो. "आजी, आधी आपण मिनिट मोजू," म्हणून घड्याळ त्यांच्याच हातात द्या. मी हे करून पाहिलंय, चालतं.

आवाज कोणता आणि कधीचा

"छातीत कफ वाजतोय, डॉक्टर" हे रोज दहा वेळा ऐकतो. त्यातल्या सहा-सात वेळा तो कफ छातीत नसतो, नाकात असतो. तान्ह्या बाळाची छाती इतकी पातळ की नाकातली घरघर पाठीवर हात ठेवला तरी जाणवते. खात्री करायची असेल तर सलाईनचे नाकात घालायचे थेंब आणा (साधं ०.९ टक्के मिठाचं पाणी, मेडिकलमध्ये स्वस्तात मिळतं), दोन्ही नाकपुड्यांत एक-दोन थेंब टाका, पाच मिनिटांनी नाक पुसून पुन्हा ऐका. घरघर गेली? मग छातीची काळजी सोडा.

श्वास सोडताना बारीक शिट्टीसारखा सूंऽऽ आवाज येत असेल तर छातीतल्या बारीक नळ्या आवळल्यात. याला आम्ही व्हीझ म्हणतो. श्वास आत घेताना घोगरा, ओढल्यासारखा आवाज येत असेल तर अडथळा वर, घशापाशी आहे. हा दुसरा आवाज बाळ शांत असतानाही येत असेल तर तो धोक्याचा.

यातलं एकही दिसलं तर पुढचं वाचू नका, निघा

- बाळ अंगावर ओढत नाही, पाणीही घेत नाही
- जे पाजाल ते सगळं उलटून टाकतंय
- झटके आले, किंवा बाळ इतकं सुस्त की हलवलं तरी नीट जागं होत नाही
- ओठ, जीभ निळसर किंवा राखाडी
- श्वास मधेच थांबतोय
- छाती खोल आत जातेय, बाळ कण्हतंय
- शांत असतानाही श्वास आत घेताना घोगरा आवाज
- दोन महिन्यांच्या आतलं बाळ आणि काखेतला ताप ९९.५ फॅरनहाइटच्या वर, किंवा उलट अंग थंड, ९६ च्या खाली

महाराष्ट्रात १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत बाळाला उभं धरा किंवा मांडीवर बसतं ठेवा, आडवं पाडू नका. धापणाऱ्या बाळाच्या तोंडात चमच्याने काहीही ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं.

बोटाला लावायचं ऑक्सिमीटर कोरोनापासून घरोघरी आहे. मोठ्या मुलाला ते बरं चालतं: ९५ च्या पुढे ठीक, ९४ ते ९२ असेल तर त्याच दिवशी दाखवा, ९२ च्या खाली रुग्णालय. पण मोठ्यांचं यंत्र तान्ह्याच्या बोटावर नीट बसत नाही आणि बोट गार असलं, हललं की काहीबाही आकडा दाखवतं. आकडा चांगला आणि बाळ वाईट दिसत असेल तर बाळावर विश्वास ठेवा.

साधी सर्दी, साधा खोकला

श्वासाचा आकडा बरोबर, छाती आत जात नाही, बाळ खेळतंय, खातंय: मग ही विषाणूंची सर्दी. लहान मुलांना वर्षाकाठी सहा-आठ वेळा ती होतेच, बालवाडीच्या पहिल्या वर्षी जरा जास्तच. नाक आठ-दहा दिवस वाहतं आणि खोकला दोन ते तीन आठवडे रेंगाळतो. चौथ्या दिवशी शेंबूड हिरवा-पिवळा झाला म्हणजे अँटिबायोटिक हवं, असं अजिबात नाही. बऱ्या होणाऱ्या सर्दीचाही रंग तसाच असतो.

करायचं काय? दूध पाजण्याआधी दहा मिनिटं सलाईनचे थेंब. नाक चोंदलेलं बाळ एका वेळी थोडंच ओढतं, म्हणून थोडं थोडं, पण जास्त वेळा पाजा. मोठ्याला पेज, वरणाचं पाणी, मऊ भात, जे आवडेल ते. केळं, दही, ताक बंद करायचं काही कारण नाही. सर्दी विषाणू आणतो, केळं नाही. या एका वाक्यावरून मी आजवर बऱ्याच आज्यांचा रोष ओढवून घेतलाय. एक वर्षावरच्या मुलाला रात्री झोपताना अर्धा ते एक चमचा मध. खोकल्याच्या बहुतेक सिरपांपेक्षा त्याचा पुरावा बरा आहे. एक वर्षाच्या आत मात्र मध नको, चाटण म्हणून बोटभरही नको. त्यातल्या जंतूंच्या बीजांनी बॉट्युलिझम हा लुळेपणाचा आजार होऊ शकतो.

आता नको त्या गोष्टी. ओवा-लसणाची पुरचुंडी उशाशी ठेवायला हरकत नाही, पण निखाऱ्यावर ओवा आणि ऊद टाकून बाळाला धुरी देणं म्हणजे सुजलेल्या नळ्यांना धूर पाजणं. नाकात तेल किंवा तूप सोडू नका. ते फुप्फुसात उतरतं आणि तेलाचा न्यूमोनिया करतं, जो महिनोन् महिने जात नाही. कापूर घातलेलं तेल, बाम दोन वर्षांच्या आत लावू नका. कापूर पोटात गेला तर झटके येतात. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर मुलाला धरण्याने सर्दी बरी होत नाही, पाणी सांडून भाजलेली पोरं मात्र येतात. आणि ब्रँडी, चमचाभर काय, थेंबभरही नाही.

खोकल्याच्या बाटलीबद्दल

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याचं सिरप घेतलेल्या वीसहून जास्त मुलांचा मूत्रपिंडं निकामी होऊन मृत्यू झाला. त्यातल्या अनेकांवर नागपुरात उपचार चालू होते. त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक विष सापडलं. ०.१ टक्क्याच्या वर ते असता कामा नये, सापडलं ४८.६ टक्के. त्यातली बहुतेक मुलं पाच वर्षांच्या आतली होती, आणि साध्या सर्दी-तापासाठी दिलेलं औषध होतं.

त्यानंतर केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावलं: दोन वर्षांच्या आत सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, आणि पाच वर्षांपर्यंतही शक्यतो टाळावीत. त्याआधी, डिसेंबर २०२३ मध्ये, क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखाली देऊ नये, अशी सूचना बाटलीवर छापणं औषध नियंत्रकांनी बंधनकारक केलं होतं. घरातली बाटली उलटी करून बारीक अक्षर वाचा, बहुतेक 'सर्दीच्या' सिरपांत हीच दोन नावं दिसतील. विष नसलेलं, चांगल्या कंपनीचं सिरपही लहान मुलाच्या खोकल्यावर फारसं काही करत नाही. झोप आणतं, आणि आई-बापाला औषध दिल्याचं समाधान.

तापाचं औषध मोजून देणं

इथे जरा थांबतो, कारण सर्वात जास्त घोटाळा इथे होतो. पॅरासिटामॉल वजनावर द्यायचं असतं: किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. पण बाटल्या तीन-चार ताकदीच्या येतात आणि खोकी जवळपास सारखी दिसतात. १० किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम द्यायचं झालं तर:

- ५ मिलिमध्ये २५० असलेल्या सिरपचे ३ मिलि
- ५ मिलिमध्ये १२० असलेल्या सिरपचे सव्वासहा मिलि
- १ मिलिमध्ये १०० असलेल्या थेंबांचे फक्त दीड मिलि

थेंब १२० च्या सिरपपेक्षा चौपट कडक असतात, ही गोष्ट बहुतेकांना उलटीच वाटते. एका आईला मी १२० चं सिरप लिहून दिलं होतं, ५ मिलि. दुकानात ते संपलं होतं, त्यांनी थेंबांची बाटली दिली आणि मात्रा तीच राहिली. आठ किलोच्या मुलाच्या पोटात एका वेळी ५०० मिलिग्रॅम गेलं. दुसऱ्या डोसाआधी तिला बाटली लवकर संपतेय असं वाटलं म्हणून तिने फोन केला, म्हणून निभावलं. तेव्हापासून मी चिठ्ठीवर मिलिसोबत मिलिग्रॅमही लिहितो. तुमच्या चिठ्ठीवर नसेल तर विचारून लिहून घ्या. चहाच्या चमच्याने देऊ नका, सोबतची मापाची टोपी किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा. ॲस्पिरिन मुलांना नाही. पावसाळ्यात डेंग्यूची शंका असेल तर आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिकही नको.

न्यूमोनिया

खोकला किंवा ताप, आणि श्वास जलद. एवढ्यावर न्यूमोनियाचा संशय घेऊन डॉक्टर उपचार सुरू करतात, प्रत्येक मुलाचा एक्स-रे काढायची गरज नसते. छाती फार आत जात नसेल, बाळ पीत असेल, ऑक्सिजन चांगला असेल तर घरीच तोंडाने अमॉक्सिसिलिन, दिवसातून दोनदा, साधारण पाच दिवस. मात्रा वजनावर डॉक्टर ठरवतात. शेजाऱ्याच्या बाटलीवरून किंवा मागच्या वेळच्या उरलेल्या ॲझिथ्रोमायसिनवरून नाही.

कोरड्या पावडरची बाटली मिळाली तर आधी ती हलवून पावडर सुटी करा. मग उकळून पूर्ण गार केलेलं पाणी खुणेच्या निम्म्यापर्यंत घाला, हलवा, फेस बसू द्या, आणि मग खुणेपर्यंत भरा. एकदम भरलं की फेसाने खूण चुकते आणि औषध दाट होतं. प्रत्येक वेळी हलवूनच द्या. सात दिवसांनी उरलेलं ओतून टाका, 'पुढच्या वेळेला' ठेवू नका.

औषध सुरू केल्यावर ४८ तासांनी बाळ पुन्हा दाखवायचंच, बरं वाटत असलं तरी. तोवर रोज दोनदा श्वास मोजून कागदावर लिहा. ५८, ५४, ४६ असा उतरता आकडा मला एक्स-रेपेक्षा जास्त सांगतो. आकडा तसाच असेल किंवा चढत असेल तर औषध बदलावं लागतं किंवा भरती करावं लागतं.

तान्ह्या बाळांचा ब्रॉन्किओलायटिस

एक वर्षाच्या आतलं बाळ, दोन-तीन दिवस नाक वाहिलं, मग खोकला, शिट्टी, धाप, आणि पाजताना दमणं. बहुतेक वेळा हा आरएसव्ही नावाचा विषाणू असतो, मोठ्या भावंडाने शाळेतून आणलेला. त्याला मारणारं नेहमीच्या वापरातलं औषध नाही. अँटिबायोटिक लागत नाही, आणि यंत्राची वाफ बहुतेक बाळांना काही देत नाही. लागतं ते नाक मोकळं ठेवणं, थोडं थोडं पाजणं, आणि गरज पडली तर ऑक्सिजन.

यात लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे दिवस. धाप तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यात जास्त असते. दुसऱ्या दिवशी डॉक्टरने "ठीक आहे" म्हटलं ते त्या दिवसापुरतं. नेहमीच्या निम्म्याहून कमी दूध जातंय किंवा आठ-दहा तासांत लघवी झाली नाही, तर परत या. वेळेआधी जन्मलेली आणि हृदयाला छिद्र असलेली बाळं यात लवकर बिघडतात, त्यांच्याबाबत थांबायचं नाही.

पुन्हा पुन्हा शिट्टी: बालदमा आणि 'पंप'

दर सर्दीला शिट्टी, पहाटे खोकला, खेळून किंवा हसून आल्यावर खोकल्याची उबळ, घरात कोणाला दमा, स्वतःला खाज-पुरळ: हे जुळलं की बालदम्याचा विचार करायचा. निदान एका भेटीत होत नाही, कारण पाच वर्षांखाली नुसत्या विषाणूनेही शिट्टी वाजते.

इनहेलर लिहिला की बापाचा चेहरा उतरतो. "पंपाची सवय लागते म्हणतात." लागत नाही. तोंडाने दिलेलं औषध सगळ्या अंगात फिरून थोडंसं छातीत पोचतं, पंपाचं थेट छातीत जातं, म्हणून मायक्रोग्रॅममध्ये भागतं. भीती धरायचीच तर दर महिन्याला घ्याव्या लागणाऱ्या स्टेरॉइडच्या सिरपची धरा.

पण पंप नीट दिला तरच. लहान मुलाला तो स्पेसर (पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी) लावूनच द्यायचा, चार-पाच वर्षांखाली मास्कसह. मूल मांडीवर ताठ बसवा. पंप हलवा, स्पेसरला लावा. मास्क नाक-तोंडावर घट्ट बसवा, कडेने फट नको. एकदाच दाबा. मग मोठ्याने पाच-सहा श्वास मोजा, स्पेसरची झडप हलताना दिसली पाहिजे. अर्धा मिनिट थांबा, पुन्हा हलवा, मग दुसरा पफ. दोन पफ एकदम दाबले की औषध स्पेसरच्या भिंतीला चिकटतं. रडणाऱ्या मुलाच्या छातीत फारसं काही जात नाही, त्याला खेळात घ्या, हवं तर झोपेत द्या. स्पेसर आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात बुडवून न घासता तसाच वाळवा. कापडाने पुसला की आत विद्युतभार तयार होतो आणि औषध भिंतीवर बसतं. रोजचा स्टेरॉइडचा पंप दिल्यावर चूळ भरायला लावा, मास्क असेल तर तोंडही पुसा.

अटॅक आला तर: साल्ब्युटामॉलचे (आवळलेल्या नळ्या मोकळ्या करणारा पंप) २ पफ, एकामागून एक, वरच्या पद्धतीने. २० मिनिटांत फरक नाही तर पुन्हा. तासाभरात तीन वेळा देऊनही धाप असेल, किंवा मुलाला एक वाक्य एका दमात बोलता येत नसेल, तर दवाखाना, आणि वाटेतही पफ चालू ठेवा. प्रवासात स्पेसर विसरलात? अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडून पंप घट्ट बसवा आणि मुलाला बाटलीच्या तोंडातून श्वास घ्यायला लावा. दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी याची रीतसर चाचणी घेतली आहे, जुगाड म्हणून हसण्यावारी नेऊ नका.

मध्यरात्रीचा भुंकणारा खोकला

संध्याकाळी साधी सर्दी, आणि रात्री एक वाजता कुत्र्यासारखा भुंकणारा खोकला, बसलेला आवाज, श्वास घेताना ओढ. हा क्रूप, सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांत. मुलाला कडेवर घ्या, शांत करा, गार हवेत अंगणात न्या. रडलं की ओढ वाढते. घशात बोट किंवा चमचा घालून बघू नका. शांत झाल्यावरही ओढ राहिली तर निघा. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा एकच डोस यात जादू करतो, पण तो डॉक्टरच्या हातून.

शेंगदाणा, चिंचोका, सीताफळाची बी

ताप नाही, सर्दी नाही, खाता-खेळता एकदम ठसका लागला, तोंड लाल-निळं झालं, मग शांत. दुसऱ्या दिवसापासून खोकला आणि एकाच बाजूला शिट्टी. हा ठसका आईने सांगितला नाही तर आम्ही महिनाभर दमा म्हणून औषध देत बसतो. एक्स-रे साफ येऊ शकतो. म्हणून ठसक्याची गोष्ट डॉक्टरला स्वतःहून सांगा. चार वर्षांखाली अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नका.

समोर घुसमटलं आणि आवाज फुटत नसेल, तर एक वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली करून दोन्ही खांद्यांच्या मधे पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर पाच दाब. मोठ्याला पाठीवर पाच थापा, मग मागून मिठी घालून बेंबीच्या वर पाच झटके. वस्तू दिसत नसेल तर तोंडात बोट फिरवू नका, आणखी आत जाते. मूल जोरात खोकत असेल तर मधे पडू नका, खोकू द्या.

रेंगाळलेला खोकला

दोन आठवड्यांवर खोकला, सोबत ताप किंवा वजन न वाढणं, आणि घरात-शेजारी कोणाला टीबी: सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं फुकट आहेत, लाजू नका. खोकून खोकून शेवटी 'हूप' करून श्वास घेणारा, उलटी होणारा डांग्या खोकला तान्ह्यात फसवा असतो. तिथे हूप नसतो, श्वासच थांबतो.

लसीचं कार्ड

न्यूमोनियाची पीसीव्ही लस सरकारी कार्यक्रमात दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशी फुकट आहे. डांग्या खोकला, घटसर्प आणि हिब (न्यूमोनिया करणारा एक जंतू) यांची पेंटाव्हॅलंट दीड, अडीच, साडेतीन महिन्यांनी. गोवर-रुबेला नवव्या महिन्यात आणि दीड वर्षाच्या आसपास. गोवरानंतरचा न्यूमोनिया मी पाहिलाय, दुसऱ्या डोसाला कंटाळा करू नका. फ्लूची लस सहा महिन्यांनंतर दरवर्षी, पावसाळ्याच्या आधी. ती विकत घ्यावी लागते, दम्याच्या मुलांना परवडत असेल तर द्याच. चुलीजवळ बाळाची झोळी बांधू नका, झोपायच्या खोलीत मच्छर अगरबत्ती जाळू नका, आणि बाबा अंगणात जाऊन बिडी ओढतात तरी कपड्यांना धूर चिकटून घरात येतो.

दवाखान्यात येताना

श्वासाच्या आकड्यांचा कागद, तो व्हिडिओ, लसीचं कार्ड. ताप कधीपासून, शेवटचा डोस किती वाजता, शेवटची लघवी कधी. आणि आतापर्यंत दिलेल्या सगळ्या बाटल्या एका पिशवीत घालून आणा. दुसऱ्या डॉक्टरच्या, मेडिकलवाल्याने दिलेल्या, शेजारणीच्या आणि रिकाम्यासुद्धा. मी रागावणार नाही. लेबल वाचायचं असतं मला.